पडद्यावरील लेप आणि हमीपत्रातील अक्षरे

तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावावी लागते हे पूर्वी खेड्यातील लहान मुलासही ठाऊक असे. ती घासून घासून कमी होते व काही महिन्यांनी कल्हईवाल्यास पुन्हा बोलवावे लागते, याविषयी कोणाची तक्रार नसे. परंतु लावलेली कल्हई आठच दिवसांत उडाली, तर घरची बाई त्या कल्हईवाल्यास पुढील फेरीत सहजासहजी सोडीत नसे. झिजणे वेगळे आणि उडून जाणे वेगळे, हा भेद तिला कोणी शिकविलेला नव्हता. आज शाळेच्या टेबलावर जो लॅपटॉप येऊन बसला आहे, त्याच्या पडद्यावरही पुष्कळदा एक प्रकारची कल्हईच असते. आणि तिच्यावरून काही वर्षांपूर्वी अमेरिकेत व इतरत्र जो मोठा वाद झाला, तो नेमका याच भेदापाशी अडला होता. शिक्षकांनी हा वाद समजून घेणे दोन कारणांनी इष्ट आहे. एक तर त्यात प्रकाशशास्त्राचा एक सुंदर पाठ दडलेला आहे. दुसरे असे की, लोकवर्गणीतून वा स्वतःच्या पगारातून घेतलेल्या यंत्राचे हमीपत्र कसे वाचावे, हे त्यावरून कळते.

प्रथम लेपाविषयी. साध्या काचेवर समोरून प्रकाश पडला की त्यातील सुमारे चार टक्के तिच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. चार टक्के म्हणजे काही फार नव्हे असे वाटेल. परंतु वर्गात खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मुलाला काळ्या पडद्यावर स्वतःचे तोंड दिसते ते या चार टक्क्यांमुळेच. हे परावर्तन कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, पडद्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत करणे. त्यामुळे परत फिरणारा प्रकाश चोहोकडे विखुरतो व प्रतिबिंब स्पष्ट उमटत नाही. मात्र चित्राची तजेलाही थोडी उणी होते. कमी किमतीच्या पुष्कळ लॅपटॉपांचे पडदे असे मळकट, बिनचकाकीचे असतात. दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. काचेवर दुसऱ्या एखाद्या पदार्थाचा अत्यंत पातळ थर द्यायचा. मग प्रकाश त्या थराच्या वरच्या बाजूवरून परततो व खालच्या बाजूवरूनही परततो. थराची जाडी प्रकाशलहरीच्या एकचतुर्थांशाइतकी ठेवली, तर परतणाऱ्या दोन लहरींपैकी एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोन्ही एकमेकींस पुष्कळ अंशी नाहीशा करतात. जो प्रकाश परत जायचा तो मग आरपार जातो.

ही जाडी किती असावी? चष्म्याच्या भिंगांवर व कॅमेऱ्यांवर मॅग्नेशियम फ्लुओराइडचा जो लेप देतात, तो सुमारे एकशे नॅनोमीटर जाडीचा असतो. वहीच्या कागदाची जाडी साधारण एकदशांश मिलिमीटर धरली, तर हा लेप तिच्या एक हजाराव्या हिश्शाइतका भरतो. पावसाळ्यात रस्त्यावरील डबक्यात डिझेलचा थेंब पडला की जे रंगीत पट्टे पसरतात, किंवा साबणाच्या फुग्यावर जे मोरपंखी रंग फिरतात, ते याच कोटीतील पातळपणाचे काम होय. सातवी-आठवीच्या मुलांस हे दाखविण्यास कोणतेही साहित्य विकत घ्यावे लागत नाही.

या विद्येचा उगमही मनोरंजक आहे. लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली काही जुन्या, हवेने किंचित डागाळलेल्या काचा तपासल्या, तेव्हा त्यांतून नव्या कोऱ्या काचेपेक्षा अधिक प्रकाश जातो असे त्यास आढळले. डाग पडलेली काच स्वच्छ काचेपेक्षा अधिक पारदर्शक असावी, ही गोष्ट बुद्धीस पटण्याजोगी नव्हती. पण कारण वर सांगितले तेच होते. पुढे हॅरॉल्ड डेनिस टेलर या भिंगकाराने काचा मुद्दाम डागाळण्याची रीत शोधून १९०४ साली तिचे पेटंट घेतले. १९३५ साली जर्मनीत झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पात्रात लेप देण्याची पद्धत सिद्ध केली व ती लष्करी गुपित म्हणून राखली गेली.

आणि १९३८ साली अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे कॅथरीन ब्लॉजेट यांनी ‘न दिसणारी काच’ तयार केली. या बाई १९२६ साली केंब्रिज विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री होत. कन्याशाळेतील शिक्षिकांनी हे नाव मुलींस अवश्य सांगावे. पाण्यावर पसरलेला, एकाच रेणूइतक्या जाडीचा साबणासारखा थर काच बुडवून उचलून घ्यायचा, असे चव्वेचाळीस थर एकावर एक बसवायचे, ही त्यांची रीत. काच खरोखरीच दिसेनाशी झाली. उणीव एकच राहिली, ती म्हणजे हा थर मऊ होता व पुसताच निघून जाई. लेप देण्याच्या पद्धतीत पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, लेप कठीण झाले, तरी ही उणीव समूळ गेली नाही. जो थर कागदाच्या हजाराव्या हिश्शाइतका पातळ आहे त्याने बोटांचे तेल, घाम, धूळ व फडके यांना किती काळ दाद द्यावी, हा प्रश्न प्रत्येक कारखानदारापुढे असतोच.

आता मूळ हकिगत. जून २०१२ मध्ये ॲपल या अमेरिकन कंपनीने मॅकबुक प्रो या लॅपटॉपची नवी आवृत्ती बाजारात आणली. तिच्या पंधरा इंची पडद्यावर पन्नास लाखांहून अधिक प्रकाशबिंदू होते आणि किंमत २,१९९ डॉलरपासून पुढे होती. चित्र इतके सुस्पष्ट की बिंदू डोळ्यास वेगळे दिसू नयेत. पूर्वीच्या यंत्रांत चित्रपटलावर संरक्षक काच बसविलेली असे. या आवृत्तीत ती वगळली होती आणि पडद्याचा संपूर्ण वरचा अर्धा भाग एकसंध केला होता. यंत्र खोलून पाहणाऱ्या जाणकारांनी त्याच वेळी लिहून ठेविले की, या भागात काहीही बिघडले तर सर्वच्या सर्व बदलावे लागेल व ते फार महाग पडेल. यंत्र सडपातळ करण्याची ही किंमत होती. ती कोणी भरावयाची हे पुढे दिसून आले.

दोनतीन वर्षांत अनेकांच्या पडद्यांवर डाग दिसू लागले. प्रथम कडेला, कॅमेऱ्याच्या आसपास, मग मध्यभागी. पुष्कळ ठिकाणी डागांचा आकार खालच्या कळफलकावरील कळांच्या आकाराशी व स्पर्शपट्टीशी जुळत होता, म्हणजे झाकण मिटल्यावर जेथे वरखालचे भाग जवळ येतात तेथे. पडदा चालू असताना डाग फारसे जाणवत नसत. बंद केला की उजेडात स्पष्ट दिसत. याचे कारण वरील पाठात आहेच. जेथून लेप गेला तेथून उघड्या पृष्ठभागाचे परावर्तन पुन्हा सुरू झाले. ते डाग म्हणजे वरून चिकटलेली घाण नव्हती, म्हणून पुसून जाणे शक्यच नव्हते. उलट जितके पुसावे तितके ते वाढत. काही मालकांनी तर वैतागून तोंड धुण्याच्या औषधी पाण्याने उरलासुरला लेपही काढून टाकला, निदान पडदा एकसारखा तरी दिसावा म्हणून. मुंडणच करावयाचे तर पूर्ण करावे, असा तो विचार असावा.

हे लोक दुरुस्तीसाठी गेले तेव्हा त्यांपैकी अनेकांस उत्तर मिळाले की, हे नुकसान केवळ दिसण्यापुरते आहे व असे नुकसान हमीत बसत नाही. पडदा बदलून घ्यावयाचा असल्यास सुमारे ८०० डॉलर पडतील, असा आकडा त्या काळच्या वृत्तांत आढळतो. मूळ यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही ही रक्कम अधिक होते. कागदाच्या हजाराव्या भागाइतका थर गेला आणि त्यापायी यंत्राचा सबंध वरचा भाग विकत घ्यावयाचा, यावर लोकांचा संताप झाला नसता तरच नवल.

येथे हमीपत्राची भाषा बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्या कंपनीच्या एक वर्षाच्या हमीपत्रात काय काय बसत नाही याची यादी आहे. ओरखडे, पोचे अशी दर्शनी हानी बसत नाही. नेहमीच्या वापराने होणारी झीज बसत नाही. तसेच बॅटरी, किंवा कालांतराने कमी होत जाणारे संरक्षक लेप, असे वापराने सरणारे भागही बसत नाहीत. एवढे वाचून कोणीही कागद खाली ठेवील. परंतु त्याच कलमाला पुढे एक पुस्ती आहे: साहित्यातील किंवा घडणीतील दोषामुळे बिघाड झाला असेल तर ही सूट लागू नाही. म्हणजे सगळा कज्जा या पुस्तीत आहे. लेप झिजला असेल तर मालकाने सोसावे. लेप मुळात नीट बसलाच नसेल तर कंपनीने द्यावे.

आणि हे सिद्ध करावयाचे कोणी? एकट्या मालकास ते जवळजवळ अशक्य असते. त्याच्यापाशी एकच यंत्र, एकच डाग. खिडकीपलीकडचा मनुष्य विचारतो, “आपण कशाने पुसलेत?” आणि प्रामाणिक मनुष्य आठवू लागतो की, एखादे वेळी सदऱ्याच्या टोकाने पुसलेही असेल. येथेच तो हरतो. पण हजारो लोकांच्या यंत्रांवर, निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या हवेत, त्याच ठिकाणी त्याच आकाराचे डाग पडले असतील, तर सर्वांनीच चुकीचे फडके वापरले असे म्हणता येत नाही. २०१५ साली मालकांनी नेमके हेच केले. आपापल्या पडद्यांची छायाचित्रे, यंत्राचा प्रकार, खरेदीची तारीख, डाग केव्हा दिसला, कंपनीने काय उत्तर दिले, ही माहिती त्यांनी एकत्र केली. हजारो नोंदी झाल्या. वर्तमानपत्रांनी दखल घेतली, न्यायालयात जाण्याची भाषा सुरू झाली.

त्यानंतर ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीने असे पडदे विनामूल्य बदलून देण्याचे ठरविले. खरेदीपासून तीन वर्षे, किंवा १६ ऑक्टोबर २०१५ पासून एक वर्ष, यांत जी मुदत मोठी असेल ती. आणि ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना परतफेड. २०१७ च्या वृत्तांनुसार ही मुदत पुढे चार वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. एकंदरीत निकाल मालकांच्या बाजूने लागला असे म्हणता येईल.

तरी या निकालात एक गोष्ट खटकण्यासारखी राहिली, आणि तिच्याकडे शिक्षकांनी विशेष पाहावे. दुरुस्तीच्या अन्य योजना कंपनी जाहीरपणे प्रसिद्ध करते. ही योजना मात्र तशी प्रसिद्ध केली नाही. ती दुकानदारांना व दुरुस्ती केंद्रांना अंतर्गत पत्रकाने कळविण्यात आली. बातमीदारांनी ती बाहेर आणली म्हणून पुष्कळांस समजली. अशा गुप्त सवलतीचा परिणाम काय होतो? जो भांडतो, जो दुसऱ्या केंद्रात जातो, ज्याला इंग्रजीत दोन वाक्ये ठणकावून सांगता येतात, त्याला पडदा मिळतो. जो ‘आपल्याच हातून काही झाले असेल’ असे म्हणून मुकाट्याने घरी जातो, तो सवलतीचा हक्कदार असूनही डागासकट बसतो. दोष मान्य करून त्याची भरपाई देणे हे चांगलेच. पण ती कानात सांगितली की अर्धी वाया जाते. शासनाच्या योजनांबाबतही खेड्यात हाच अनुभव येतो, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये त्याच कंपनीच्या मॅकबुक एअर या दुसऱ्या यंत्राच्या पडद्यांतही असा दोष संभवतो, ही गोष्टदेखील अंतर्गत पत्रक फुटल्यामुळेच लोकांना कळली.

आपल्या शाळांत ॲपलची यंत्रे क्वचितच असतील. असतील ती साधी, वीसतीस हजारांची. परंतु हमीपत्रातील ‘दर्शनी हानी’, ‘झीज’, ‘सरणारे भाग’ हे शब्द जवळजवळ सर्व कंपन्यांच्या कागदांत असतात, आणि खिडकीपलीकडचा तो प्रश्नही तोच असतो. शिवाय आपल्याकडे एक जास्तीची अडचण आहे. पुष्कळ शाळांतील लॅपटॉप गावाने वर्गणी काढून दिलेला असतो. कोणी शेळी विकून शंभर रुपये दिलेले असतात. सहा महिन्यांत पडद्यावर डाग पडले व केंद्रातून ‘हमीत बसत नाही’ असे उत्तर आले, की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मुख्याध्यापकास उभे राहून उत्तर द्यावे लागते. तेव्हा त्याच्या हातात कागद असणे फार आवश्यक आहे.

कागदांपैकी पहिला म्हणजे खरेदीची पक्की पावती. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यामुळे ‘बिल हवे तर कर जादा पडेल’ असे म्हणणाऱ्या दुकानदारापाशी शिक्षकाने रेंगाळू नये. जडवस्तू संग्रह नोंदवहीत, जिला सर्व शाळांत डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात, केवळ ‘लॅपटॉप नग १’ असे लिहून भागत नाही. यंत्राचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख, हमीची मुदत व हमीपत्र कोठे ठेविले आहे, हे सर्व त्याच ओळीत यावे. खोके उघडताच बंद पडद्याचे एक छायाचित्र तिरप्या उजेडात घेऊन ठेवावे. पुढे डाग दिसला त्या दिवशी दुसरे घ्यावे. दोन्हींवर तारीख असली म्हणजे वाद निम्मा मिटतो. केंद्रात यंत्र दिले की तेथील तक्रारपत्रकावर ‘ग्राहकाच्या हातून हानी’ असे काही लिहिले आहे का, ते सही करण्यापूर्वी वाचावे. तसे लिहिले असेल व ते मान्य नसेल तर सहीखाली ‘मान्य नाही’ असे दोन शब्द लिहावेत. तोंडी नकार घेऊन परत येऊ नये. नकार लेखी मागावा. लेखी मागितल्यावर नकाराचा सूर पुष्कळदा बदलतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्याच तालुक्यातील दुसऱ्या शाळांनी तेच यंत्र घेतले असेल तर केंद्रसंमेलनात विचारणा करावी. तोच डाग चार शाळांत निघाला तर चारही नोंदी एकत्र जोडाव्यात.

कायद्याचे बळ आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात सुरू केली, देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. वस्तूच्या गुणवत्तेतील कोणताही दोष, अपूर्णता वा उणीव ही या कायद्याच्या दृष्टीने दोषात मोडते. हमीपत्रात काहीही लिहिलेले असले तरी दोष आहे की नाही हे ठरविण्याचा शेवटचा अधिकार कंपनीच्या खिडकीस नाही. आवश्यक वाटल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो, म्हणजे ‘झीज की दोष’ हा प्रश्न तज्ज्ञापुढे जातो. वस्तू व्यापारी हेतूने घेतलेली नसावी, ही मुख्य अट. पूर्वी दुकान किंवा कंपनी जेथे असेल तेथे जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, वकील दिलाच पाहिजे असे नाही. दावा मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो, आणि सुट्टीत बघू, परीक्षा संपल्यावर बघू, असे म्हणता म्हणता शिक्षकाची दोन वर्षे कशी जातात हे सांगावयास नको. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. किरकोळ प्रकरणे तेथेही सुटतात. दावा दाखल करण्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ ही सोय सुरू झालेली आहे.

राहता राहिली निगा. खेड्यातील वर्गात पडद्याचा मुख्य शत्रू धूळ हा आहे, विशेषतः खडूची भुकटी व तिच्यात मिसळलेली बारीक वाळू. कोरड्या फडक्याने दाबून पुसले की ही वाळूच पडद्यावर फिरते. म्हणून यंत्र बंद करून प्रथम मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, नंतर चष्म्याच्या डबीत मिळते तसे मऊ फडके स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळावे व हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावे. पाणी थेट पडद्यावर शिंपडू नये. काच पुसण्याची अमोनियायुक्त औषधे, नखांचा रंग काढण्याचे द्रव्य, दंतमंजन यांपैकी काहीही वापरू नये. फळा पुसण्याचे डस्टर तर लॅपटॉपच्या टेबलावर ठेवूच नये. झाकण मिटण्यापूर्वी कळफलकावर पेन्सिल, खडूचा तुकडा किंवा हजेरीचा कागद राहिला नाही ना हे पाहावे, आणि मिटलेल्या यंत्रावर वह्यांचा गठ्ठा ठेवू नये. आतील कळा पडद्यास टेकतात त्या याच वेळी. हे काम वर्गातील दोन मुलांकडे सोपविण्याची पद्धत काही शाळांत आहे व ती चांगली आहे. फक्त फडके कोणते, ते शिक्षकाने स्वतः ठरवून द्यावे व कपाटात वेगळे ठेवावे.